मागच्या बाकावरचं हसू

स्टेजवर जायचं का सोडलंस, असं अजूनही कुणीतरी विचारतं. प्रोजेक्ट होता, सबमिशन होतं, वेळच मिळेना, असं मी सांगते. सगळं खोटं आहे. मला राग आला होता आणि तो अजून गेलेला नाही, एवढंच खरं कारण आहे.

मी विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. नांदेडात एका मोबाइलच्या दुकानावर कॅफे होता. तिथं दर रविवारी दुपारी चारला ओपन माइक व्हायचा. ज्याला वाटेल त्यानं नाव द्यायचं, सहा मिनिटं उभं राहायचं आणि लोकांना हसवायचं. चाळीसेक प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मधूनच कुरकुरणारा एक स्पीकर, एवढाच थाट. पहिल्यांदा मी नुसती ऐकायला गेले. एक मुलगा मेसच्या भाजीवर बोलत होता. तो "लई" म्हणत होता, "मंग" म्हणत होता, आणि लोक त्याच्यावर नाही, त्याच्याबरोबर हसत होते. मोबाइलवर पाहिलेल्या कॉमेडीत आमच्यासारखं बोलणारा माणूस कायम वॉचमन असायचा, नाहीतर मोलकरीण. इथं आमचंच बोलणं माइकमधून येत होतं. हॉस्टेलपर्यंत ऑटोत मी एकटीच हसत आले. पुढच्या रविवारी नाव देऊन टाकलं.

नाव दिलं म्हणजे पहिलं नाव आणि गाव. वहीत लिहिताना होस्टनं विचारलं, "पूर्ण?" मी म्हटलं, "चाकूर लिही, पुरे." आडनाव सांगितलं नाही. आमच्याकडे आडनाव कळलं की जात कळते, आणि मग समोरचा माणूस तुमच्याशी बोलायचं सोडून आडनावाशी बोलायला लागतो. आम्ही बौद्ध. घरात त्याची लाज कुणालाच नाही. ही लाज नाही, सोय आहे, असं मी स्वतःला समजावलं. तेव्हा ते पटलंही.

होस्ट नांदेडचाच होता. घरचं कापडाचं दुकान, तोंड एकदम तेज. दोन कलाकारांच्या मधल्या वेळात तो प्रेक्षकांना बोलतं करायचा. नाव काय, गाव काय, काय करून राहिला. पहिल्या नावावरून अंदाज आला नाही की म्हणायचा, "पूर्ण सांगा की." मग ज्याच्या त्याच्या आडनावावर एक टोला. शेतीचा कुणाला, दुकानाचा कुणाला, सरकारी नोकरीचा कुणाला. कुणाला कुठला, ते इथल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आणि आम्ही हसायचो. आम्ही म्हणजे स्टेजवर जाणारी पाच-सहा पोरं. भिंतीला लागून मागं एक लांब बाक होता, ती आमची जागा. नांदेडचा माणूस पटकन हसत नाही, आधी आजूबाजूला बघतो. म्हणून नियम असा होता, की जोक संपला रे संपला की मागच्या बाकावरून हसू सुटलं पाहिजे. मग पुढच्या खुर्च्या हसतात. यात मी सगळ्यांत तयार. माझं हसू मोठं आणि खणखणीत. "तू आलीस की शो उचलतो," असं होस्ट म्हणायचा. याचा मला अभिमान होता, हे लिहितानाही अंगाची आग होते. ते सरकारी नोकरीचे टोले पडायचे तेव्हाही मी हसायचे. वेळेवर हसायचे.

चार महिन्यांत माझे सहा मिनिटांचे एक-दोन सेट बरे जमले. मग मी पप्पांवर लिहायला घेतलं. पप्पा लाइनमन आहेत. खांबावर चढून तारा जोडतात. चाकूरला त्यांना कुणी नमस्कार करत नाही, "लाइट कधी येणार" असंच विचारतात. लग्नात जेवायला बसले तरी विचारतात, मयतीला गेले तरी विचारतात. एकदा दवाखान्यात त्यांना सलाइन लावलेलं असताना शेजारच्या कॉटवरच्या पेशंटनं विचारलं. सहा मिनिटं भरतील एवढं सगळं घरातच होतं. आयुष्यभर ज्या माणसाला लोकांनी फोनवर फक्त शिव्याच दिल्या, त्याच्यासाठी एकदा भरलेल्या खोलीनं टाळ्या वाजवाव्यात आणि त्यानं त्या समोर बसून ऐकाव्यात, एवढीच माझी इच्छा होती. मी त्यांना फोन केला. "रविवारी या, काम आहे." काय काम ते सांगितलं नाही.

ते अहमदपूर, लोहा करत एसटीनं आले. पांढरा शर्ट, हातात आईनं दिलेली धपाट्यांची पिशवी. मी त्यांना पहिल्या रांगेत बसवलं आणि मागं बाकावर जाऊन बसले. हे माझे वडील आहेत, हे कुणाला सांगितलं नाही. सेटच्या शेवटी सांगणार होते. सगळा सेट त्याच एका वाक्यासाठी रचला होता.

माझ्या आधी होस्ट उठला. पहिल्या रांगेत पोरापोरांत एकच वयस्क माणूस, त्याची नजर तिथंच गेली.

"काका, नाव?"

पप्पांनी नाव सांगितलं.

"पूर्ण सांगा की, काका."

पप्पा उभे राहिले. साहेबांसमोर राहतात तसे, सरळ. आणि त्यांनी पूर्ण नाव सांगितलं. लपवायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"अच्छा. मंग सरकारी नोकरी ना, काका?"

"हाव," पप्पा म्हणाले.

"बसा, बसा. टक्के विचारत न्हाई मी, घाबरू नका."

आणि मागच्या बाकावरून हसू सुटलं. त्यात पहिलं माझं होतं. जोक संपला होता आणि बाकावर बसलं की मी हसते, बाकी काही नाही. डोक्यात काही पोचायच्या आत ते तोंडातून निघून गेलं होतं. पप्पांनी वळून मागं बघितलं. मग पुन्हा पुढं तोंड केलं, तेही हसले, आणि खाली बसले. मग सगळी खोली हसली.

त्यानं माझं नाव पुकारलं. मी गेले आणि लाइनमनचा एकही जोक सांगितला नाही. माइक हातात घेऊन होस्टला म्हटलं, "आता तू तुझं पूर्ण नाव सांग." त्याला वाटलं, सेट चालू झाला. तो हसला. बाकही हसला. मी पुन्हा विचारलं. "चार महिने सगळ्यांचं विचारतोस, तुझं सांग. तुझ्या बापाचं सांग. दुकानात बसायला तुला किती टक्के लागले ते सांग." आता कुणीच हसत नव्हतं. तो म्हणाला, "अगं, जोक होता." मी म्हटलं, "ते माझे वडील आहेत." वेळ संपत आली की मागून मोबाइलचा टॉर्च दाखवायची पद्धत होती. मला दुसऱ्याच मिनिटाला दाखवला.

पप्पांना आयटीआयला किती टक्के होते, ते मला पाठ आहे. इथं लिहिणार नाही. लिहिलं तर त्याच्या प्रश्नाला उत्तर दिल्यासारखं होईल.

स्टँडवर येऊन बसलो तेव्हा, खरं सांगायचं तर, आतून बरं वाटत होतं. आपण वडिलांसाठी भांडलो, असं वाटत होतं. राग फक्त एकाच गोष्टीचा उरला होता. शेवटी न राहवून विचारलंच.

"पप्पा, तो तुम्हाला तसं बोलला, आणि तुम्ही हसलात कशाला?"

त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. फलाटावर बस लागत होती, तिकडे बघत ते म्हणाले, "मला लागलं होतं, माय. पण मागून तुझं हसू आलं. म्हटलं, आता शिकलेल्या लोकांत हे लावून घ्यायचं नसत असंल."