आमच्या हॉलमधला शेवटचा कोपरा

आमच्या धंद्यात दोन गोष्टी न मागता साठतात. एक टाइल्सची सॅम्पल्स आणि दुसरे किस्से. सॅम्पल्स मी दर दिवाळीला भंगारवाल्याला देऊन टाकते. किस्से तो घेत नाही! म्हणून मग जो समोर येईल त्याला ऐकवत बसते. आज तुम्ही सापडलात.

मी बडोद्यात इंटिरिअर डिझायनर आहे. फतेगंजला छोटंसं ऑफिस आहे. लोकांच्या घरी जाऊन "हे काढा, ते काढा" एवढंच सांगायचे मी पैसे घेते. मध्ये एकदा कॉलेजच्या मुलांशी गप्पा मारायला बोलावलं होतं. एका मुलीने विचारलं, "मॅम, घरातली तुमची सगळ्यात फेवरेट डेकोरची वस्तू कोणती?"

मी म्हटलं, "रिकामा कोपरा."

अहो, काय टाळ्या पडल्या! पोरांना वाटलं, बाई फारच पोचलेल्या दिसतायत. बाईंचं घर कुणी पाहिलेलं नव्हतं, म्हणून निभावलं.

घर सुभानपुऱ्यात. बडोद्यात ज्याला टेनामेंट म्हणतात तसलं. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या. वरच्या खोल्या माझ्या ताब्यात, पण हॉल माईंचा. माई म्हणजे माझ्या सासूबाई. आणि हॉलला माईंचा एक नियम आहे. या घरात जो कुणी नवा येईल, सून असो नाहीतर जावई, त्याने आपल्या घरून एक वस्तू आणायची आणि हॉलमध्ये मांडायची. एकदा मांडली की ती हलवायची नाही. काढायचं तर नावच नको. माणूस घरचं झालं, की वस्तूही घरची!

ऐकायला किती गोड वाटतं ना? धूळ झटकायला या एकदा.

*

या परंपरेची सुरुवात कशी झाली ते ऐका.

माई लग्न होऊन साताऱ्याहून आल्या, तेव्हा त्यांच्या वडिलांनी बरोबर दगडी जातं दिलं. आप्पा, म्हणजे माझे सासरे, रेल्वेत. त्यामुळे स्टेशनपर्यंत जात्याची बडदास्त उत्तम राहिली. तिथून टांग्याने घरी. आप्पांनी आणि टांगेवाल्याने ते उचलून कसंबसं दारातून आत आणलं, धापा टाकत खाली ठेवलं, आणि दोघंही त्याच्यावरच बसले. पुन्हा उचलायची कुणाची छाती होईना.

आप्पांच्या आई म्हणाल्या, "राहू दे तिथंच. सुनेची वस्तू आहे, दिसू दे चार लोकांना."

झाली परंपरा! पोरांनी मला विचारलं असतं तर सांगितलं असतं, की घराण्याची रीत वगैरे काही नसते, कुणाची तरी कंबर धरलेली असते.

ते जातं अजून दारातच आहे. येणाऱ्या प्रत्येकाचा अंगठा त्याच्यावर आपटतो. पाहुणा एका पायावर नाचत असला, की माई प्रेमाने म्हणतात, "पहिल्यांदाच आलात ना? दुसऱ्या खेपेला नाही हो लागत."

*

मग आले आमच्या नणंदेचे यजमान, प्रकाशराव. नाशिकला त्यांचं किराणा मालाचं दुकान. त्यांनी दुकानातला वजनकाटा आणला. उभं राहून वजन करायचा नाही हं, गुळाच्या ढेपी आणि पोती तोलायचा, भलाथोरला लोखंडी!

तेव्हापासून माई पाहुण्यांचं वजन करतात. आल्यावर एकदा आणि जाताना एकदा. चार दिवस राहून ज्याचं वजन वाढलं नाही, त्याच्याशी जाताना धड बोलत नाहीत.

एकदा माझ्या मोठ्या क्लायंट, शाहबेन, नवऱ्याला घेऊन घरी आल्या. नवीन बंगल्याचं काम होतं. मी वरून ड्रॉइंग आणायला गेले तेवढ्यात माईंनी बाईंना काट्यावर चढवलं. आणि आकडा वाचला. मोठ्याने! नवऱ्यासमोर!

बंगल्याचं काम मला मिळालं नाही. शाहबेन मात्र दर महिन्याला येतात. माईंकडे, वजन करायला.

*

या काट्यापायी माझ्या नवऱ्याने, अभयने, एकदा बंड केलं. घराचं रंगकाम काढलं होतं, सगळं सामान अंगणात होतं. अभयने ती संधी साधली, काटा टेम्पोत घातला आणि खंडेराव मार्केटमध्ये एका ओळखीच्या भाजीवाल्याला देऊन आला. परत आल्यावर माझ्याकडे बघून असा हसला, जसं काही गड जिंकून आलाय!

दोन-तीन दिवस माईंचं आपलं नेहमीसारखं चाललं होतं. आम्हाला वाटलं, विसरल्या.

मग एका सकाळी रिक्षा दारात थांबली. माई पुढे उतरल्या, मागून काटा उतरला. माई भाजी घ्यायला मार्केटात गेल्या होत्या. समोर आपला काटा बघून त्यांनी भाजीवाल्याला अवाक्षर विचारलं नाही. कांद्याची टोपली बाजूला सारली आणि स्वतः काट्यावर चढल्या. "जोपर्यंत घरी पोचवत नाहीस, तोपर्यंत उतरत नाही!"

काटा घरी आला. वर एक दुधी भोपळाही आला. तो म्हणे भाजीवाल्याने माफी म्हणून दिला होता.

अभयने तो दुधी तीन वेळा खाल्ला. कोफ्ते, भाजी आणि हलवा. तक्रार नाही!

*

आता माझी वस्तू. हसायचं नाही हं.

मी डिझाइन शिकून नवीनच बाहेर पडले होते. कॉलेजात मी मातीचं एक शिल्प केलं होतं. मोठं, गोल, पोकळ, चहूबाजूंनी भोकं भोकं. त्याला बक्षीसही मिळालं होतं. नाव होतं 'शून्य'. लग्नानंतर तेच घेऊन आले. म्हटलं, या हॉलमध्ये एक तरी वस्तू अशी असू दे, की जिचा काही उपयोग नाही!

माईंनी चारही बाजूंनी निरखून बघितलं. बोटाने वाजवून बघितलं. विचारलं, "काय म्हणतात याला?"

"शून्य."

"शून्य कसं गं? पाच किलो आरामात मावतील."

दुसऱ्या दिवसापासून त्यात कांदे आहेत. भोकांतून हवा खेळते म्हणून सडत नाहीत, असं माई येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगतात. शेजारच्या मीनाबेननी मला तसंच एक करून मागितलंय. बटाट्यांसाठी.

*

आणि एकदा तर माझी अब्रूच जायची होती. जिग्नेशभाई नावाचे एक क्लायंट. त्यांच्या घरातले बापजाद्यांचे फोटो, टेडी बेअर, प्लॅस्टिकची फुलं, सगळं सगळं मी निर्दयपणे काढायला लावलेलं. "जिग्नेशभाई, घर श्वास घेत नाहीये!" असं माझं ठरलेलं वाक्य.

एका दुपारी ते न कळवता घरीच आले. दारात जात्याला ठेचकाळले, सावरायला काट्याला धरलं, आणि तोंड वर केलं तर समोर कांद्यांचं शिल्प. हळूच म्हणाले, "बेन, आ तमारुं घर?"

मी म्हटलं, "छे छे! क्लायंटचं आहे. अजून काम सुरू व्हायचंय."

तेवढ्यात आतून माईंचा आवाज आला, "सूनबाई, कोण आलंय गं? काट्यावर उभं कर, मी चष्मा घेऊन येते!"

*

पण या हॉलमध्ये एक कोपरा रिकामा होता. पूर्वेच्या खिडकीजवळचा. सकाळी तिथे ऊन येतं. त्या कॉलेजच्या मुलांना मी सांगितला तो हाच. रोजचा पहिला चहा मी त्या कोपऱ्यात उभी राहून प्यायचे. तिथे काही नाही, एवढंच बघून माझं मन निवायचं!

त्या कोपऱ्यावर स्लॅबला लोखंडी कड्या आहेत. घर बांधताना इथल्या कॉन्ट्रॅक्टरने कुणालाही न विचारता सोडलेल्या. झोपाळ्याशिवाय घर असतं हे त्याला ठाऊकच नव्हतं! आप्पांनी काही झोपाळा टांगला नाही. "झोके घ्यायला वेळ कुणाला आहे?" असं म्हणायचे.

मला या हॉलमध्ये आजवर एकच गोष्ट करू दिली गेली, ती म्हणजे फॉल्स सीलिंग. छत ही वस्तू नाही, असं मी माईंना पटवलं! माई त्याला 'खोटं छत' म्हणतात. ते झाल्यावर वर बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कड्या कापल्यास का गं?"

"नाही माई. नुसत्या झाकल्या."

"बरं केलंस." मग जरा वेळाने म्हणाल्या, "लग्नात अक्कल असती तर जातं नसतं आणलं, झोपाळा आणला असता."

अभय म्हणाला, "माई, त्यात काय? उद्या आणू झोपाळा!"

"मुळीच नाही! माझी वस्तू झालीय. माणशी एक. मीच नियम मोडला, तर उद्या तुम्ही माझं जातं बाहेर काढाल."

तर तो कोपरा राहिला आमच्या जावयासाठी राखीव. आम्हाला एकच मुलगी, सई. म्हणजे तिचा नवरा जे आणेल ते शेवटचं. मी देवाला एवढंच सांगून ठेवलं होतं, जावई कसाही दे, पण त्याची वस्तू लहान दे. घड्याळ म्हण, फ्लॉवरपॉट म्हण!

*

सईने हर्षिलला पसंत केलं. मुलगा लाखात एक. मांडवीजवळ राहतो, घरात तो आणि त्याची आजी, दोघंच. आजीला आम्हीही 'बा'च म्हणतो. आईवडील लहानपणीच गेले, बांनीच त्याला वाढवलं.

सगळं जुळलं आणि तिथेच गाडी अडली. हर्षिलला कॅनडात दोन वर्षांची नोकरी लागली. लग्न करून दोघांनी जायचं, असं ठरत होतं. बा थंडीत यायला तयार नाहीत. एकट्या राहीन म्हणतात, पण मागच्याच महिन्यात बाथरूममध्ये पडल्या होत्या. हर्षिल म्हणाला, "बांना एकटं ठेवून मी जाणार नाही. आणि सईला माझ्यासाठी थांबवणारही नाही."

आम्ही बांना म्हटलं, आमच्याकडे या की राहायला! बांनी कानाला हात लावले. "वेवाईना घेर? लोको शुं कहेशे!" मुलीच्या सासरच्या माणसाने व्याह्यांच्या दारात राहायचं, हे त्यांना मरण. हात जोडले, पाया पडले, बा ऐकेनात.

माझी पोर सुकून गेली हो. फोन आला की वर पळायची, आणि खाली यायची ती डोळे लाल करूनच. लग्न मोडल्यातच जमा होतं.

अशात माई सईला म्हणाल्या, "त्या मुलाला आपला नियम सांगितलास का?"

सई रडवेली झाली. "माई, इथे लग्नाचं ठरत नाहीये आणि तुला वस्तू सुचतेय?"

"तरी सांग. म्हणावं, वस्तू कुठलीही चालते. फक्त एकदा मांडली, की कुणाच्या बापाला हलवता येत नाही."

रविवारी सकाळी हर्षिल दारात उभा. त्याच्या हाताला धरून बा. पांढरी साडी, काखेत पर्स. "बा, संभाळजो," म्हणत त्याने त्यांना जात्याला वळसा घालून आत आणलं. एक खुर्ची उचलली, माझ्या कोपऱ्यात ठेवली आणि बांना तिच्यावर बसवलं. मग माईंकडे वळला.

"माई, लग्नाआधी आणली तर चालते ना? ही माझी वस्तू."

बा ऐटीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "महेमान थईने हुं न रहुं. पण वस्तुने कोण पूछे?"

पाहुणी म्हणून राहायचं नाही, पण वस्तूला कोण विचारतंय! माई उठल्या, बांच्या खुर्चीभोवती एक चक्कर मारली. "मांडली ना? झालं तर मग. आता हलवायची नाही."

सई धावत जाऊन बांच्या गळ्यात पडली. हर्षिल हसतोय, सई रडतेय, अभय उगाचच खिडकीबाहेर बघून नाक पुसतोय. मी तर हुंदके देऊन रडले! आणि खोटं कशाला बोलू, रडता रडता मोजमापही घेतलं. एक खुर्ची, एक बा. म्हणजे अर्ध्याहून जास्त कोपरा उरतोच की!

माईंनी बांना काट्यावर उभं केलं, आकडा मनात ठेवला, मग चहा झाला. बांनी बशी खाली ठेवली आणि माईंना विचारलं, "आ घरमां जे नवुं आवे, ए एक वस्तु लावे. बराबर?"

"बरोबर. माणशी एक."

"हुं तो हर्षिलनी वस्तु," बा म्हणाल्या. "मारी वस्तु बहार टेम्पोमां छे."

आम्ही सगळे खिडकीशी धावलो. फाटकाबाहेर टेम्पो उभा होता. दोन माणसं दोर सोडत होती. सागवानी पाट, त्यावर चौघं मांडी घालून बसतील एवढा, आणि शेजारी घासून लखलखीत केलेल्या पितळी साखळ्या.

मी मागे वळले. माई बाहेर बघतच नव्हत्या. त्या कोपऱ्यात, बांच्या शेजारी उभ्या राहून वर बघत होत्या.

"सूनबाई," त्या म्हणाल्या, "त्या कड्या आहेत ना गं अजून, तुझ्या त्या खोट्या छताच्या वर?"