चतुर्दशी का अमावस्या

उमरेडच्या स्टँडवर बाबा आले तवा त्याईच्या भुवयाईवर सुताची तूस होती. म्हणजे मागावरून उठले अन् तसेच आले. मी तवा कंडक्टरची नक्कल करून राहिलो होतो, "पुढं सरका, पुढं सरका, मांगं काय सोयरीक जमवाची आहे का?" अन् सारा स्टँड हसून राहिला होता, कंडक्टर सोडून. बाबाही हसले नाई. त्याईनं मले बाजूले घेतलं, मायनं बांधलेल्या पोळ्याईचं फडकं हातात देलं अन् म्हणले, "नागपुरात फौजेतले बुढे लय आहेत म्हणते. आबाजीचं विचारजो. कसे मेले, तेवढंच. बाकी काही नको."

गाडी सुटाची होती, तरी थांबले नाई. लहानपणी आपल्या बापाले छोट्या रेल्वेत बसवाले ते गेले होते, अन् गाडीचा धूर दिसेनासा होईपर्यंत उभे राहिले होते. तवापासून कोणाचीच गाडी ते सुटताना पाहत नसत.

उमरेडात राहिले त्याईले हे मालूमच आहे. माह्यासारखे निघून गेले त्याईच्यासाठी सांगतो. माहा आजा, म्हणजे आबाजी, आमच्यासारखाच विणकर. जपानच्या लढाईच्या टायमाले भरती झाला, ब्रह्मदेशाकडे गेला, अन् मंग मेल्याची खबर आली. गोळीनं का तापानं, अन् कोणत्या दिवशी, कोणीच सांगतलं नाई.

आता तुम्ही म्हणान, मेला तो मेला, कशानं मेला त्याचं काय? पण पितृपक्षात हत्यारानं मेलेल्याचं पान चतुर्दशीले वाढतात. ज्याच्या मरणाचा दिवसच मालूम नाई, त्याचं दुसऱ्या दिवशी, अमावस्येले. म्हणून बाबा दोन्ही दिवस वाढत. माय दोनदा वडे तळे. मी छपरावर चढून कावळ्याचा आवाज काढे, तर साऱ्या मोहल्ल्यातले कावळे येत. माह्या नकलेची घरात तेवढीच काय ती किंमत. ताट साफ होई. पण बाबाचं समाधान नाई. म्हणत, "दोन दिवसाचं आवतन देलं का पाहुणा कोणत्याच दिवशी येत नाई. आज म्हणते उद्या जाऊ, उद्या म्हणते काल जेवण झालं असन."

नागपुरात मी महाल मोहल्ल्यात कपड्याच्या दुकानात लागलो. बाप सुती लुगडी विणे, अन् पोट्टा काउंटरवर मिलचं टेरिकॉट फाडे. शेठनं पहिल्याच दिवशी शिकवलं, "कस्टमर को 'मालूम नहीं' कभी मत बोलना. रंग पक्का है क्या? पक्का है. सिकुडेगा? नहीं सिकुडेगा." आठ दिवसांत मी शेठच्या आवाजात शेठपेक्षा चांगला बोलाले लागलो. शेठ गल्ल्यावर डुलक्या काढे अन् गिऱ्हाइकाले वाटे तोच बोलून राहिला.

तिथंच एका गिऱ्हाइकानं हवालदारबाबाचा पत्ता सांगतला. दोन गल्ल्या सोडून पुतण्याचं सायकलचं दुकान, त्याच्यापुढं स्टुलावर हे बसलेले. त्याच लढाईतले, ब्रह्मदेशाकडचेच. रविवारी बिडीचं बंडल घेऊन गेलो.

"उमरेड का बुनकर? था ना. लंबा सा."

आबाजी ठेंगणे होते. पण म्हणलं, लढाईत कोण कोणाले मापते.

"नदी पार कर रहे थे. गोली लगी. यहां."

आजा गोळीनं मेला म्हणून खूश झालेला नातू तुम्ही पाहिला नसन. पुढल्या रविवारी नदीचं नाव विचाराले गेलो, तर म्हणले, "नदी? कैसी नदी? उसको तो बुखार आया था." त्याच्या पुढल्या रविवारी आबाजी खेचरासंगं डोंगरावरून घसरले.

खोलीवरचे पोट्टे तर वाटच पाहत. मी दारात आलो का, "आज आबाजी कायनं मेले गा?" अन् मी हवालदारबाबाच्या आवाजात सांगो, खोकल्यासकट. पोट्टे लोळत हासत. मीही हासो. नाई हासून काय करू?

एका रविवारी सरळच विचारलं, "बाबाजी, तुमाले खरंच मालूम आहे का नाई?"

बुढा स्टुलावर ताठ झाला. "फौज में 'मालूम नहीं' नहीं बोलते, बेटा. साहब पूछे, तो जवाब देना पडता है." मंग माहा हात धरला. "अगले इतवार आएगा ना?"

मले त्याचा राग येऊ शकला नाई. त्यानं तिन्ही माणसं मरताना पाहिली असतीन. त्यातला एखादा आमचा असन, नाईतर एकही नसन.

पितृपक्षात त्रयोदशीच्या संध्याकाळी मी घरी पोचलो. बाबानं मले पाहून माग थांबवला. "समजलं का?"

बसमध्ये मी ठरवलं होतं, गोळी. चतुर्दशी एकदाची पक्की करून टाकू, बाबा सुटतीन. सुरू केलं, "नदी पार कर रहे थे..." हवालदारबाबाचा आवाज, तोच खोकला. माय पदर तोंडाले लावून हसाले लागली. बाबानं सारं ऐकलं.

"हे कोणाचं बोलणं आहे?"

"हवालदाराचं."

"मस्त करतं. आता तुह्या आवाजात सांग."

मी तोंड उघडलं. शेठ आला, कंडक्टर आला, हवालदार तर घशातच बसला होता. बाबा मागाचा धोटा हातात धरून तसेच पाहून राहिले होते.

"मले मालूम नाई, बाबा."

बाबानं मान हलवली. धोटा खाली ठेवला. मंग म्हणले, "मंग दोन्ही दिवस."

माय उठली. "दाळ दोन दिवसाचीच भिजू घातली आहे मी," म्हणली.

आता बाबाही नाईत. त्याईची तिथी पंचमी, त्यात कोणाले शंका नाई. हवालदारबाबा गेले, पुतण्या पंचर काढते, त्याले विचाराले काही उरलं नाई. मी नागपूरबाहेर हुडकेश्वरले दोन खोल्या बांधल्या, चहूकडून वावर. कावळे आहेत. अजूनही माह्या आवाजावर येतात, कोणासाठी येतात ते सांगत नाईत.

गावचे लोक भेटले का विचारतात, घरची याद येते का गा? मी त्याईच्याच आवाजात काहीतरी सांगतो, ते हासतात अन् जातात. दुकानात दिवसभर मी प्रत्येकाले जवाब देतो. रंग पक्का आहे, आटणार नाई. 'मालूम नाई' एवढं मी त्या मागापाशीच म्हणू शकलो होतो, अन् म्हणल्यावरही कोणी मले उठून जा म्हणलं नाई. घर म्हणजे मले तेवढंच आठवते.

दरसाल बायको विचारते, "अवो, काहून दोनदा? खरा दिवस कोणता जी?"

"मालूम नाई वं," मी म्हणतो. आवाज माहाच राहते.

ती उठते. दोन दिवसाची दाळ भिजू घालते. तेवढ्यापुरतं हुडकेश्वरलेही घर म्हणाले हरकत नाई.