टोकाकडची गाठ

बहात्तरच्या दुष्काळानंतर दोनेक वर्षांनी चुडाव्याला स्टेशनाजवळ धान्याचं एक गोदाम बांधायला काढलं होतं. मी तिथं गवंडी होतो. माझा जोडीदार गंगाखेडकडचा. आम्ही दोघं एकाच परांचीवर उभं राहून एकाच भिंतीला विटा लावायचो. बांबूंची ती परांची तोच बांधायचा आणि रोज सकाळी वर चढून काथ्याची एकेक गाठ ओढून बघायचा. त्याचं झाल्याशिवाय आम्ही कुणी वर पाय ठेवत नसू.

त्या उन्हाळ्यात त्याची लेक तापानं गेली. चौथ्या दिवशी तो कामावर हजर. घरी बसला असता तर मुकादमानं दुसरा माणूस लावला असता. दुपारी भाकर खाताना तो मला म्हणाला, "वर गेलं की पाय कापायलेत माझे. दोन दिस खालचं काम मागू का?" सगळे ऐकत होते. मला काय दुर्बुद्धी सुचली! "मग बांगड्या भर अन् बायांसंगं घमेली वाहा," मी म्हणालो. सगळे खदखदून हसले, मुकादमसुद्धा. त्यानं अर्धी भाकर फडक्यात बांधली आणि उठला.

त्या दिवसापासून त्यानं माझ्याशी अबोला धरला. मीही काही कमी हट्टी नव्हतो. साधी वीट हवी असली तरी माल वाहणाऱ्या मावशीच्या तोंडून आम्ही एकमेकांना निरोप धाडायचो. ती म्हणायची, "सवती-सवतीवानी करायलाव की रे तुमी." मला गंमत वाटायची. आज त्या गमतीची लाज वाटते. कारण तेव्हापासून तो गाठी बघेनासा झाला. सरळ चढायचा आणि फळीच्या पार टोकाला जाऊन उभा राहायचा. आपण भीत नाही हे त्याला दाखवायचं होतं. कुणाला, ते मला चांगलं ठाऊक होतं.

आठवड्यानं एका सकाळी मी खाली विटा भिजवत होतो. तो वर होता. त्याच्या पायाखालची गाठ सैल पडून काथ्या लोंबत होता. मी पाहिलं. हाक ओठांवर आली होती. पण आधी मी का बोलू? मावशी माल घेऊन निघालीच होती. तिला म्हणालो, "त्याला सांग, टोकाकडची गाठ ढिली झाली हाय." डोक्यावर भरलेलं घमेलं, त्यामुळं ती फळ्यांच्या चढावर जपून एकेक पाऊल टाकत गेली. ती अर्ध्यावर असतानाच वरची फळी सुटली.

तो वाचला. कमरेखालचं अंग मात्र कायमचं गेलं.

महिन्यानं मी त्याच्या घरी गेलो. काय काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. तो बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. त्याचे पाय धरून रडलो. त्या पायांना ते कळलंही नसेल. तसाच भिंतीकडं बघत तो बायकोला म्हणाला, "त्याला म्हणावं, चहा पिऊन जा."