दसऱ्याच्या सकाळी अडलेली टॉय ट्रेन

टॉय ट्रेन जागची हलत नव्हती. दसऱ्याची सकाळ, सुट्टीची गर्दी, तिन्ही डबे पोरांनी गच्च भरलेले आणि इंजिनाच्या अगदी मागच्या बाकावर अज्जी बसलेल्या. रेशमी साडी, केसांत मोगरा, मांडीवर ना ओळख ना पाळख असलेलं कुणाचं तरी पोर. मी गेटातून धावत आत शिरले तेव्हा आमचा ड्रायव्हर राजण्णा पुन्हा पुन्हा शिट्टी वाजवत होता. शिट्टी उत्तम वाजत होती. गाडी तेवढी ढिम्म.

अज्जी म्हणजे या पार्कच्या मालकीणबाई. कनकपुरा रोडच्या बाजूला त्यांचं हे लहान मुलांचं पार्क आहे. मेरी-गो-राउंड, घसरगुंड्या, बदकांचं तळं आणि तळ्याला वळसा घालणारी ही बॅटरीवरची गाडी. अज्जींच्या यजमानांनी हौसेनं सुरू केलेली. घराणं मराठी, पण बंगळूरला येऊन त्यांना शतकं लोटली. बसवनगुडीत घर, बोलण्यात निम्मं कन्नड. मी सांगलीची. सुरुवातीला त्यांची मराठी ऐकून मला हसू यायचं. आता मी नवऱ्यालासुद्धा ‘स्वल्प थांबा’ म्हणते. अज्जी माझ्याहून चांगल्या वीसेक वर्षांनी मोठ्या, तरी मला अक्का म्हणतात. इथे अक्का म्हणायला वय लागत नाही, मान द्यायचा म्हणून म्हणतात.

मी कोण ते सांगते. एका सरकारी कारखान्यात रेल्वे सिग्नलच्या खात्यात इंजिनियर होते. रिटायर झाल्यावर जयनगरच्या घरात स्वस्थ बसून पाहिलं, जमलं नाही. मग पार्कांमधल्या खेळण्यांची सेफ्टी बघायचं काम घेतलं. नवरा म्हणतो, हिला जन्मभर गाड्या अडवायची सवय, आता पोरांच्याही अडवते. म्हणू दे. सिग्नलवाल्यांचं काम अडवण्याचंच असतं. चालवायला बाकीचे असतात की.

पण त्या दिवशी गाडी अडून मला चालणार नव्हतं. कारण होतं विनय.

विनय हा अज्जींचा नातू. पार्क आता तोच बघतो. हुशार आहे, कष्टाळू आहे, फक्त सतत काळजीत असतो. त्याला ही गाडी काढून तिथे ट्रॅम्पोलीन बसवायची होती. त्याचं म्हणणं सोपं होतं. या शहरात रविवारी पोरांना न्यायचं कुठे, तर आईबाप मॉल गाठतात, कारण तिथे एसी आहे, पार्किंग आहे आणि पोर हरवलं तरी इमारतीतच सापडतं. आपल्याकडे यायचं तर काहीतरी नवं हवं. त्यात गाडीला रूळ, रुळावर मुलं. उद्या एखादं पोर खाली आलं तर? एका अपघातात पार्कला कुलूप. मी वर्षभर डोकं लावून गाडीला सेफ्टीची सगळी यंत्रणा बसवली होती, तरी त्याची धाकधूक जात नव्हती. शेवटी आमचं ठरलं होतं की दसऱ्याच्या गर्दीत गाडी बिनबोभाट चालली तर ती राहील. नाहीतर नव्या वर्षात रूळ उखडायचे. राजण्णाला हे माहीत होतं. विनय चार वर्षांचा असल्यापासून राजण्णा ही गाडी चालवतोय, आणि त्याला दुसरं काही चालवायचं नाही.

आता ती यंत्रणा काय ते सांगते, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही.

गाडीचे रूळ एका ठिकाणी तळ्याकडे जाणाऱ्या पायवाटेला छेदतात. बदकं दिसली की मुलांना रूळ दिसत नाहीत, ती सरळ धावत सुटतात. म्हणून तिथे रुळांच्या अलीकडे, पायवाटेच्या दोन्ही कडांना मी दोन बुटके खांब समोरासमोर लावले. एकातून न दिसणारा प्रकाश निघतो, दुसऱ्यातला काचेचा डोळा तो प्रकाश बघत बसतो. मध्ये मूल आलं की प्रकाश अडतो आणि इंजिनाचा करंट तुटतो. याला आमच्यात इंटरलॉक म्हणतात. हात धुतल्याशिवाय आई ताट वाढत नाही ना, तसं. आणि त्यातली मुख्य खुबी अशी की, प्रकाश दिसला नाही, मग कारण काहीही असो, तर गाडीनं थांबायचं. वायर तुटली, थांब. दिवा गेला, थांब. शंका आली, थांब. याला फेल-सेफ म्हणतात. बिघडायचंच असेल तर माणसाचा जीव वाचेल अशा बाजूनं बिघड.

मी आधी बॅटरी बघितली. फुल. इमर्जन्सीचं बटण कुणी दाबलंय का बघितलं. नव्हतं. मग पॅनल उघडलं तर क्रॉसिंगचा लाल दिवा पेटलेला. म्हणजे गाडीच्या मते क्रॉसिंगवर कुणीतरी उभं होतं. मी जाऊन पाहिलं तर तिथे माणूस सोडा, बदकसुद्धा नव्हतं.

आदल्या दिवशी आयुधपूजा झाली होती. आपल्याकडे खंडेनवमीला शस्त्रं, पाट्या, हत्यारं पूजतात. पण बंगळूरची आयुधपूजा बघायला जिगर लागतं. बस, रिक्षा, लेथ मशीन, लॅपटॉप, काही म्हणजे काही सुटत नाही. दृष्ट काढायला रस्तोरस्ती कोहळे फुटतात आणि मागून येणारे स्कूटरवाले घसरतात. पार्कातही प्रत्येक खांबाला केळीचं रोप, प्रत्येक यंत्राला झेंडू, गंध, कुंकू. संध्याकाळी पूजेच्या आधी मीही होते. अज्जींना हौस भारी. त्यांनी मला हाताला धरून गाडीभर फिरवलं, हे काय, ते कशासाठी, सगळं विचारलं. मीही समजावून सांगितलं. कुणी विचारलं की मला राहवत नाही, मी अगदी तपशिलात शिरते. मग घरी पाहुणे यायचे होते म्हणून आरतीला न थांबता निघाले.

तर माझा पहिला संशय केळीवर. एक पान खांबांच्या मधोमध लोंबत होतं. ते कापलं. दिवा लालच. मग संशय उंदरांवर. राजण्णाला घेऊन दोन्ही बाजूंची वायर तपासली, मीटर लावला. वायर ठणठणीत. मी घामाघूम. डब्यांमधून ‘गाडी कधी जाणार’चा घोष सुरू झाला होता. एका मुलाला सू लागली, ते बघून आणखी चौघांना लागली. एक बाप मोबाईलवर कुणालातरी सांगत होता की इथे येऊ नका, सरळ मॉलला जा. आणि नेमका विनय त्याच्या शेजारी उभा होता. आली का पंचाईत!

विनय माझ्याकडे आला. आवाज खाली ठेवून म्हणाला, “मॅडम, सेन्सर बायपास करा. आजच्या दिवस. क्रॉसिंगवर मी माणूस उभा करतो, हातात झेंडा देऊन.”

बायपास म्हणजे दोन वायर एकमेकींना जोडून त्या काचेच्या डोळ्याला खोटं बोलायला लावायचं, की सगळं ठीक आहे. दोन मिनिटांचं काम. आणि ते केलं असतं तर गाडी चालली असती, गर्दी खूश झाली असती, गाडी पार्कात राहिली असती. मला तेच तर हवं होतं. खरं सांगते, स्क्रूड्रायव्हर माझ्या हातातच होता.

“नाही करणार,” मी म्हटलं.

“मग चालणार नाही ती आज. आणि आपलं काय ठरलंय ते तुम्हाला माहीत आहे.”

“माहीत आहे. नाही चालली तर नाही चालली. उखड रूळ. पण डोळा बांधून मी पोरांची गाडी सोडणार नाही.” रागात माझं अहो-जाहो सुटलं, मालकाला मी अरे-तुरे केलं होतं. राजण्णा मान खाली घालून झेंडूच्या पाकळ्या वेचत बसला. त्याला मराठी येत नाही, पण सगळं समजतं.

विनय तडक तिकिटाच्या खिडकीकडे गेला. पैसे परत करायला सांगायला, हे उघड होतं. मला रडू यायच्या बेतात होतं आणि रडू यायला लागलं की मी कामाला लागते. मी काचेच्या डोळ्याच्या खांबापाशी गुडघे टेकले. माझ्या गुडघ्यांना ते बिलकूल आवडत नाही. उन्हानं डोळा दिपू नये म्हणून मी त्याच्यावर पत्र्याची टोपी बसवली होती, त्यामुळे उभ्यानं आतलं दिसत नाही. खाली वाकून टोपीत डोकावले. आत काच दिसेना. आत लालभडक, चांगलं रुपयाएवढं कुंकू. खाली गंधाचा जाड थर. वर दोन अक्षता चिकटलेल्या. काखेत कळसा आणि मी उंदरांच्या मागे!

खांबालाही कुंकू होतंच, पार्कात सगळ्यालाच होतं. म्हणून तर कुणाचं लक्ष गेलं नाही. मी राजण्णाकडे फडकं मागितलं. त्यानं आत बघितलं आणि दोन पावलं मागे सरला. हे अज्जींनी स्वतः लावलंय, म्हणाला. पूजेचं कुंकू, तेही दसऱ्याला, मालकिणीच्या हातचं. तो पुसणार नाही आणि मीही पुसू नये. मग मी तशीच उठले आणि पहिल्या डब्यापाशी गेले.

“अज्जी, काल त्या काचेच्या डोळ्याला कुंकू तुम्ही लावलंत?”

“मीच लावलं बा,” त्या प्रसन्नपणे म्हणाल्या. “तूच बोललीस ना अक्का, ह्या गाडीत सगळ्यांत मोठा तो डोळा, तोच पोरांना राखतो म्हणून. मग त्याला बारीकसं लावून कसं चालेल?”

एवढ्या वर्षांत माझं समजावून सांगणं इतकं मनावर घेतलेलं कुणी भेटलं नव्हतं. मी त्यांना सगळं सांगितलं. डोळा झाकला गेलाय, त्याला दिसत नाही, म्हणून तो गाडी सोडत नाही. विनय परत येऊन मागे उभा राहिला होता. अज्जींनी एकदा खांबाकडे निरखून पाहिलं. मला वाटलं, म्हातारीला अपशकुन वाटला की काय. पण त्यांनी मांडीवरचं पोर शेजारच्या बाईकडे दिलं आणि राजण्णाचा हात धरून खाली उतरल्या.

“सरी, बरोबर आहे. डोळ्यात कुंकू घालून कोण बघंल? देवीला मी सांगते.”

पदरानं पुसणार होत्या, मी घाईनं माझं मऊ फडकं पुढे केलं. काचेवर ओरखडा परवडत नाही. त्यांनी अगदी बाळाचा डोळा पुसावा तसं हलकेच पुसलं, नमस्कार केला आणि बोटाला राहिलेलं कुंकू खांबाच्या डोक्यावर टेकवलं. पॅनलवर हिरवा दिवा लागला. डब्यांमधून जो काही ओरडा झाला तो मेट्रोच्या स्टेशनापर्यंत गेला असेल.

विनय मात्र अजून खांबाकडेच बघत होता. “म्हणजे तिला दिसत नव्हतं, म्हणून ती सकाळपासून हललीच नाही?”

“हो.”

“एवढं सगळे ओरडत असताना? मी सांगूनही?”

“तुमचं ऐकत नाही ती,” मी म्हटलं. “माझंसुद्धा ऐकत नाही. तेवढ्यासाठीच तो डोळा बसवलाय.”

गाडी निघाली. क्रॉसिंगच्या अलीकडे आल्यावर विनयनं हळूच दोन खांबांच्या मध्ये हात घातला. गाडी थांबली. हात काढला, राजण्णानं बटण दाबलं, गाडी निघाली. विनयनं पुन्हा हात घातला. पुन्हा थांबली. मग त्यानं एक पाय घालून बघितला. चेहऱ्यावर असं हसू, की मला तो चार वर्षांचा विनय कसा दिसत असेल ते कळलं. शेवटी डब्यातून अज्जींचा आवाज आला, “विनू, पाय काढ. पोरं खोळंबलीत.”

त्या दिवशी गाडी अंधार पडेपर्यंत फिरली. राजण्णाला जेवायला वेळ मिळाला नाही आणि त्यानं त्याबद्दल कुरकुर केली नाही. ट्रॅम्पोलीन आली, पण घसरगुंड्यांच्या पलीकडच्या रिकाम्या कोपऱ्यात. रूळ जिथे होते तिथेच आहेत. विनयनं गाडी ठेवायचं ठरवलंय असं मला कधी तोंडानं सांगितलं नाही. आठवड्याभरानं फोन करून विचारलं, की असाच डोळा मेरी-गो-राउंडला बसवता येईल का. मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला मिठी मारली. तो भांडी घासत होता, दचकला.

यातून मी एक धडा घेतला. आपल्या देशात बसणाऱ्या यंत्राला ऊन, पाऊस, धूळ लागणार हे धरून आम्ही डिझाइन करतो. कुंकूही लागणार, हे मात्र कुणी धरत नाही. आता माझ्या प्रत्येक ड्रॉइंगमध्ये सेन्सरच्या वर एक छोटी गोल पितळी चकती असते. ती कशासाठी, असं सुटे भाग बनवणारा फॅब्रिकेटर हमखास विचारतो. मी सांगते, सगळ्यांत महत्त्वाचा पार्ट आहे, विसरू नकोस.