खिळा न उचलणाऱ्या कड्या

बरण्यांच्या कारखान्यात विज्ञान शिरलं, की किस्से भट्टीतल्या राखेसारखे साठतात. रोज उपसा, सकाळी पुन्हा तेवढेच!

आमचा कारखाना देवासचा, चिनी मातीच्या बरण्यांचा. मी नुकताच बी.एस्सी. झालेलो, आणि रेडिओचे सुटे भाग परदेशातून का यावेत, या संतापाने पेटलेलो. मालक तात्यासाहेब, संस्थानचे जुने कारभारी. संस्थान विलीन झालं, तरी यांचा कारभारीपणा काही विलीन झाला नव्हता. त्यांना मी पटवलं: लोखंडाच्या गंजात जस्त-निकेलची भुकटी कालवायची, साच्यात दाबून इवल्या कड्या करायच्या आणि भट्टीत भाजायच्या. मुंबईच्या एका रेडिओवाल्याने नमुना मागवलाही.

तात्यासाहेब म्हणाले, "नमुना एकदाच जाईल. पास झाला तर कड्या, नाहीतर पुन्हा बरण्या!"

*

घरी सांगितलं, गंज विकत आणतोय. आई म्हणाली, "विकत? आपल्या पिंपाला फुकट लागलाय की!"

*

भाजल्यावर कडी आक्रसते. तात्यासाहेबांनी आधीची आणि नंतरची शेजारी ठेवून पाहिली.

"बाकीची कुठे गेली?"

"भट्टीत आटली."

"संस्थानच्या कोठीतलं धान्यही असंच आटायचं. दोन कोठीवाले घरी बसवले मी!"

*

मी इंदूरहून तापमापक आणला. भट्टीवाले गेंदालाल भोकातून नुसता रंग बघायचे. म्हणाले, "भिया, अबी कच्ची हे." यंत्र म्हणालं, पक्की. मी पदवीला जागलो, यंत्राचं ऐकलं. कड्या बिस्किटासारख्या चुरल्या!

गेंदालाल शांतपणे म्हणाले, "इस मसीन को पेले म्हारे पास सीखने भेजो."

तेव्हापासून भट्टी भरायला पदवीधरांना मज्जाव झाला.

*

पहिली चांगली कडी तात्यासाहेबांनी खिळ्याला लावली. खिळा पडला.

"हे कसलं चुंबक?"

"ही कडी स्वतः काही ओढत नाही, तात्यासाहेब. रेडिओतल्या तारेला मदत करते."

"म्हणजे आमच्या जावयासारखी!"

*

शेवटी मुंबईचा घाणा भट्टीत गेला. भुकटी संपलेली. दुसरी संधी नाही. पेटवण झाल्यावर भट्टी दोन दिवस बंद राहून निवायला हवी, नाहीतर माल तडकतो. तात्यासाहेबांनी मात्र दुसऱ्याच सकाळचा मुहूर्त काढला आणि भट्टी उघडायला धारचे एक माजी दिवाण बोलावले!

"तात्यासाहेब, दोन दिवस थांबा हो!"

"भट्टी थांबेल. मुहूर्त थांबत नाही."

दार फोडलं. अशी झळ आली, की दिवाणसाहेब भाषणासकट चार पावलं मागे गेले. गेंदालालांनी चिमट्याने एक तुकडा काढला, वाळूत निववला आणि तबकात ठेवला. दिवाणसाहेबांनी तो किल्ल्यांच्या जुडग्याजवळ धरून डोळे मिटले.

"ओढतंय हो!"

तात्यासाहेबांनी धरून पाहिला. "चांगलंच ओढतंय!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तू म्हणे खिळा उचलत नाही!"

मंडळी पोह्यांकडे वळली. मी मागच्या जुन्या, लहान भट्टीला टेकून रडत बसलो. गेंदालाल आले.

"रोवो मत, भिया. टेको मती दो, गरम हे. थारी कड्यां इणी में हे. परसों खोलांगा."

मी उडालोच. "मग दिवाणसाहेबांच्या हातात काय दिलंत?"

"बरनी का ढक्कन की घुंडी."