गिअरबॉक्सखालचा शेंदूर

ते प्रकरण मी अजून विसरलेलो नाही आणि विसरावं असं वाटतही नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. पेपरात चार ओळींची बातमी आली असेल, तेवढीच. पण समोरचा माणूस खोटं बोलतोय हे मी बरोबर ओळखलं आणि तरीही सपशेल चुकलो, असं माझ्या नोकरीत तेवढं एकदाच झालं.

तेव्हा मी धाराशिव जिल्ह्यात महामार्गालगतच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. येडेश्वरीच्या यात्रेचा बंदोबस्त तोंडावर आला होता. टेबलावर नकाशा पसरून कुठं किती माणसं उभी करायची याचा हिशोब मी लावत होतो. सकाळी दहाच्या सुमारास ठाणे अंमलदार आत आले. येरमाळ्याच्या अलीकडे घाटात एक सात सीटची गाडी अचानक आडवी झाली होती आणि समोरून स्कूटीवर शाळेला निघालेल्या एका शिक्षिकेला तिची धडक बसली होती. बाईंचा पाय मांडीत मोडला होता. गाडीत चालक एकटाच होता, त्याला खरचटलंसुद्धा नव्हतं.

जागेवर गेलो. रस्त्यावर मागच्या दोन्ही चाकांच्या काळ्या रेघा उमटल्या होत्या, पुढच्या चाकांची रेघ नव्हती. हे मी पंचनाम्यात लिहून घेतलं, पण तेव्हा त्याचा विचार केला नाही. बाईंना दवाखान्यात हलवलं होतं. चालकानं स्वतःचं उपरणं फाडून त्यांचा पाय बांधला होता, असं जमलेल्या लोकांनी सांगितलं. तेही मी लिहून घेतलं.

चालक अठ्ठावन्न वर्षांचा, ढोकीकडचा. साखर कारखान्याच्या गाड्यांवर तीस वर्षं काढलेली. तीस वर्षांत एकही अपघात नाही म्हणून निवृत्त होताना त्याला शाल-नारळ मिळाला होता. पुढं कळंबच्या एका डॉक्टरांकडं तो गाडीवर लागला. निष्काळजीपणानं वाहन चालवून दुखापत केल्याचा गुन्हा त्याच्यावर नोंदवला, लायसन्स जप्त केलं. गुन्हा जामिनाचा होता, त्यामुळं संध्याकाळी तो घरी गेला. जाताना एवढंच म्हणाला, "साहेब, गाडीची चाकं आपल्या आपण जाम झाली. म्या ब्रेकला पायसुद्धा लावला न्हाय."

असं प्रत्येक चालक म्हणतो. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी गाडीमालक डॉक्टर आले, सोबत एक फाईल घेऊन. माणूस सरळ आणि टापटिपीचा. गाडी घेतानाच त्यांनी चार वर्षांच्या देखभालीचा प्लॅन घेतला होता, पैसे आगाऊ भरून. फाईलमध्ये प्लॅनचं पुस्तक होतं आणि वर्कशॉपची जॉबकार्डं, म्हणजे दर सर्व्हिसिंगला केलेल्या कामाच्या नोंदी होत्या. अपघाताच्या तीन महिने आधीच्या कार्डावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: गिअर ऑईल बदलले, नवीन वॉशर बसवला, गळती नाही. खाली सही आणि शिक्का.

"आता तुम्हीच बघा," डॉक्टर म्हणाले. "गाडीची काळजी घेण्यात माझ्याकडून काही राहिलं का? वर्कशॉपवाले म्हणतात, गिअरबॉक्स चालवणाऱ्यानं खाल्लाय."

परिवहन कार्यालयाच्या निरीक्षकांनी गाडी तपासून अहवाल दिला होता. ब्रेक ठीक, स्टिअरिंग ठीक, गिअरबॉक्स जाम. तो का जाम झाला ते उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. वर्कशॉपचं पत्रही आलं. गिअर चुकीचे टाकल्यानं आणि क्लचवर पाय ठेवून गाडी चालवल्यानं आतले भाग तुटले असावेत, आणि आतले भाग प्लॅनमध्ये बसत नाहीत.

मी ते पुस्तक वाचायला घेतलं. माझी नजर बरी आहे, पण त्यातला मजकूर मुंगीएवढा. कायद्याची पुस्तकं वाचण्यात उमर गेलेल्या माणसालाही ते तीनदा वाचावं लागलं. गिअरबॉक्सपुरतं बोलायचं तर प्लॅनमध्ये एवढंच होतं: ठरलेल्या किलोमीटरला ऑईल बदलणं, मधल्या सर्व्हिसिंगला ऑईलची पातळी आणि गळती बघणं, क्लच जुळवून देणं. आतले दाते, बेअरिंग, क्लचप्लेट झिजली किंवा तुटली तर ती मालकाच्या अंगावर. शेवटी ठळक अक्षरात एक ओळ होती: बाहेरच्या कुणी हात लावल्यास प्लॅन रद्द. डॉक्टरांना वाटत होतं की गाडीचं सगळं सगळं त्यात आलं. गंमत म्हणजे हे पुस्तक त्यांनी स्वतः कधी उघडलंच नव्हतं, ते चालकाच्या हातात देऊन "यात लिहिलंय तसं वागा" एवढंच सांगितलं होतं.

मी चालकाला पुन्हा बोलावलं. माझ्या बापाच्या नाही, पण थोरल्या भावाच्या वयाचा माणूस. तरी मी त्याला अरे-तुरे केलं. ठाण्यातली सवय, आज लाज वाटते.

"गाडीत काही बिघाड जाणवत होता का?"

"आवाज येत होता साहेब. तिसऱ्या गिअरात घूं घूं करायची. डॉक्टरसाहेबांस्नी सांगितलं. त्यांनी वर्कशॉपात फोन लावला. ते म्हणाले, ऑईल नवं हाय, काय होत न्हाय."

"तू स्वतः खाली बघितलंस?"

"न्हाय."

"गाडीखाली कधी गेलासच नाहीस?"

त्यानं डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली. "न्हाय साहेब. कधीच न्हाय. पुस्तकात लिवलंय ना, हात लावायचा न्हाय."

हे खोटं होतं. तीस वर्षं मालमोटारी चालवलेला माणूस गाडीखाली कधीच जात नाही, हे कुणाला पटेल? त्याची नजरही फरशीवरून वर येईना. मी आवाज चढवला. कार्ड त्याच्यापुढं आपटलं. "कागद खोटं बोलत नाही, तू बोलतोयस," असं त्याला तोंडावर म्हणालो. त्याचे डोळे भरले. यानं बाहेर कुठंतरी गिअरबॉक्स उघडून काहीतरी खटपट केली आणि ती अंगावर शेकली, असं मी मनाशी पक्कं केलं. दोषारोपपत्राचा मसुदासुद्धा लिहायला सांगितला. त्याचं लायसन्स तर जाणारच होतं, आणि गाडी चालवण्याशिवाय त्याला जगात दुसरं काही येत नव्हतं.

दोन दिवसांनी ठाण्याच्या फोनवर एक निनावी फोन आला. अंमलदारानं तो माझ्याकडं दिला. पलीकडचा माणूस घाईत बोलत होता. "साहेब, त्या गाडीचा गिअरबॉक्स आतनं उघडायच्या आधी खालनं बघा. प्लॅनच्या गाड्यांचं ऑईल इथं लई वेळा कार्डावरच बदलतंय." फोन बंद झाला.

निनावी फोनवर मी सहसा विश्वास ठेवत नाही. निम्मे फोन कुणाचा तरी राग काढायला केलेले असतात. पण या माणसानं कुणाचं नाव घेतलं नव्हतं, फक्त कुठं बघायचं ते सांगितलं होतं. मी फाईल काढून घटनास्थळाचा पंचनामा पुन्हा वाचला आणि त्या मागच्या चाकांच्या रेघांवर येऊन अडखळलो. निरीक्षकांना फोन लावला. ते म्हणाले, "या गाडीत ब्रेक दाबले तर चारही चाकं धरतात. गिअरबॉक्स फक्त मागची चाकं फिरवतो, तो जाम झाला तर मागचीच धरतील." चालक पहिल्या दिवसापासून हेच सांगत होता.

मग रीतसर सगळं केलं. दोन पंच, निरीक्षक, डॉक्टर, चालक आणि वर्कशॉपचा सुपरवायझर यांना बोलावलं. आमच्या ठाण्यासमोरच्या वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर गाडी ओढून चढवली. निरीक्षक बॅटरी घेऊन खाली गेले आणि थोड्या वेळानं म्हणाले, "साहेब, जरा या इकडं."

गिअरबॉक्सच्या खालच्या अंगाला ऑईल काढायचा बोल्ट असतो. त्यावरची माती निरीक्षकांनी बोटानं पुसली होती. खाली तेलात कालवलेल्या शेंदराचा एक पट्टा निघाला. बोल्टच्या डोक्यावरून सुरू होऊन शेजारच्या धातूवर गेलेला, बोटभर लांब, वाळून घट्ट झालेला. कुठंही तुटलेला नव्हता. बोल्ट पाव आटा जरी फिरवला असता, तरी तो पट्टा मोडला असता.

मी मागं वळून चालकाकडं पाहिलं.

"हे तुम्ही लावलंय?"

"व्हय साहेब," तो म्हणाला. "चुकलं माझं. दसऱ्याला लावलं. कारखान्यात आमी सगळे लावायचो, इंजनाला, गिअरबॉक्सला, डिफरन्शिअलला. वरनं हार घालायचा आन खाली जाऊन शेंदूर लावायचा. पुस्तकात हात लावायचा न्हाय लिवलंय म्हणून तुमच्याफुडं न्हाय म्हणलो. मला वाटलं, माझ्यामुळं डॉक्टरसाहेबांचा प्लॅन मोडला आन गाडीबी म्याच बिघडिवली म्हणून नाव यील."

एवढंच त्याचं खोटं. देवाच्या नावानं बोटभर शेंदूर लावला, ते त्यानं लपवलं होतं.

सुपरवायझर हुशार होता. लगेच म्हणाला, "आम्ही ऑईल बदलल्यावर लावलं असेल यानं." दसरा ऑक्टोबरात आणि सर्व्हिसिंग डिसेंबरात, पण शेंदूर दसऱ्याचाच हे नुसतं चालकाच्या तोंडचं होतं, तेव्हा त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. निरीक्षकांनी पंचांसमक्ष बोल्ट खोलला. खाली वॉशर निघाला तो चपटा होऊन चिकटलेला, गाडीबरोबर आलेला मूळचा. कार्डावर नवीन लिहिलं होतं. दोन लिटरच्या जागी खालच्या भांड्यात कपभर ऑईल पडलं, काकवीसारखं काळं आणि त्यात धातूचा चुरा. मागच्या सीलमधून महिनोन्‌महिने गळती होती. ज्या दिवशी ऑईल बदलायचं होतं त्या दिवशी कुणी नुसतं बोल्ट खोलून बघितलं असतं, तरी ती दिसली असती.

ठाण्यात आणल्यावर सुपरवायझरनं तासभर टाळाटाळ केली. मी या वेळी आवाज चढवला नाही. कार्ड आणि वॉशर त्याच्यापुढं शेजारी शेजारी ठेवले आणि चहा मागवला. चहा गार झाला तेव्हा तो बोलला. जे गिऱ्हाईक रोख पैसे देऊन जातं त्याची गाडी आधी घ्यायची. प्लॅनवाल्याचे पैसे आधीच आलेले असतात, त्याला घाई नसते, तो खाली वाकून बघत नाही. गिअरबॉक्सचं काम तर कुणालाच दिसत नाही. म्हणून कार्डावर टिक मारायची आणि गाडी धुऊन द्यायची. "सगळ्या गाड्यांना असं केलं नाही साहेब," तो म्हणाला. हे त्यानं तीनदा सांगितलं.

खोटं कार्ड बनवल्याचा आणि हयगयीचा गुन्हा त्याच्यावर आणि कार्डावर सही करणाऱ्या मेकॅनिकवर लागला. चालकाविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल मी न्यायालयात पाठवला. काही आठवड्यांनी त्याचं लायसन्स परत देण्याचा आदेश आला. मी त्याला बोलावलं, खुर्ची दिली आणि लायसन्स टेबलावर ठेवलं. त्यानं हात पुढं केला नाही.

"आवाज म्या ऐकला होता साहेब," तो म्हणाला. "आठ दिवस ऐकत होतो. कारखान्यात असा आवाज आला आस्ता तर गाडी तिथंच हुबी केली आस्ती, मुकादम कितीबी बोंबलू द्या. पुस्तक बघून गप बसलो. बाईंचा पाय मोडला त्यात माझाबी वाटा हाय. म्या चालवल्याल्या गाडीत त्या बसत्याल का, तेवढं इचारा. बसल्या तर नेतो लायसन."

खोटं बोलणारा माणूस ओळखण्यात मी आयुष्य घालवलं. पण तो कशापायी खोटं बोलतोय हे विचारायला फार थोड्या वेळा थांबलो. भ्यालेला माणूस चोरासारखाच दिसतो आणि शिक्का मारलेला कागद साळसूद दिसतो. या प्रकरणानं मला शिकवलं ते इतकंच, आणि ते शिकायला मला निवृत्तीजवळ यावं लागलं. त्या दिवशी त्याला मी काही उपदेश केला नाही. लायसन्स माझ्या खिशात घातलं आणि त्याला जीपमध्ये बसवून बाईंच्या घरी गेलो.

बाई पलंगावर पाय लांब करून वह्या तपासत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, शेंदरापासून आवाजापर्यंत. चालक दाराबाहेरच उभा राहिला होता, टोपी हातात धरून. बाईंनी हातातली वही पुरती तपासली, खाली सही केली आणि मगच मान वर केली.

"सोमवारी प्लॅस्टर काढायला धाराशिवला जायचंय," त्या त्याला म्हणाल्या. "नऊला या. आणि निघायच्या आधी गाडीखाली जाऊन बघा."

"व्हय बाई," तो म्हणाला, आणि माझ्यापुढं हात केला.