हिप्पीकाका आणि माझं पत्रक

समोरून कोणीही आलं, की सुखदेवकाका दोन बोटं वर करायचे. शांततेची खूण होती ती. बपेऱ्याच्या शाळेतली पोरं मात्र ओरडायची, "जा ना जी आजोबा, सुट्टी देल्ली!" वर्गात दोन बोटं कशासाठी दाखवतात, ते सगळ्यांना ठाऊक आहे. काका पोरांपेक्षा जास्त हसायचे. सत्तरी गाठलेला धानाचा शेतकरी, पाठीवर पांढरी वेणी, गळ्यात रंगीत मण्यांची माळ. गाव त्यांना हिप्पी म्हणायचं, आणि त्यात प्रेम होतं असं मी म्हणणार नाही.

मला ते भेटले तुमसरच्या बसस्टँडवर. टीव्हीवर रोज युद्धाची मागणी चालली होती. मागणारे कोण? ज्यांच्या घरातलं एकही पोरगं सैन्यात जाणार नाही, ते. आम्ही चार-पाच जण युद्धविरोधी पत्रकं वाटत होतो. एका माणसाने माझ्या हातातलं पत्रक हिसकावलं आणि "देशद्रोही" म्हणत फाडलं. काका मध्ये आले. पिशवीतलं झेंडूचं फूल त्यांनी त्याच्यापुढे धरलं. "फाड गा भाऊ. पन दमानं फाड. एवढा लाल झाला, बीपी वाढन." तो माणूस फूल घेऊन चक्रावल्यासारखा निघून गेला. मी काकांवरच चिडले. असल्या लोकांना फुलं कसली द्यायची!

तरुणपणी काका घरातून पळून गोव्याला गेले होते आणि किनाऱ्यावरच्या हिप्पींचा स्वयंपाक करत राहिले होते. तिथे टॉमी नावाचा अमेरिकन मुलगा त्यांचा दोस्त झाला. लढाईवर बोलावणारं सरकारी पत्र जाळून तो देश सोडून आला होता. "मी विचारलो, तुले भेव वाटलं का गा? म्हने, हो. मराचं कमी, माराचं जास्त." एवढं सांगून काका थांबायचे. गांजाबद्दल, उघड्या पोरींबद्दल लोक चवीने विचारत. टॉमीचं पुढे काय झालं, हे कोणी विचारत नसे.

आणि काकांचाच पोरगा नितेश सैन्यात गेला. तो निघाला त्या दिवशी गावाने डीजे लावून मिरवणूक काढली, आईने ओवाळलं. काका शेताच्या बांधावर बसून राहिले. त्यानंतर दोन वर्षं नितेशचा फोन यायचा तो फक्त आईला. मग त्याने कळवलं, मंडईला येतो.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते. त्या दिवशी सगळे सोयरे गावात असतात. पोरगा-पोरगी पाहणंही त्यातच उरकतं. नितेशलाही पाहायला पाहुणे येणार होते. काकांनी स्वतः घराला चुना मारला. मला म्हणाले, "यंदा लढाईवर एक शब्द बोलाचा नाय, ठरवलो. पोट्ट्याच्या बाजूले बसाचं. बस."

मी मात्र मंडईसाठी पत्रक छापलं. एवढी गर्दी पुन्हा कुठे मिळणार? वर काकांचा फोटो, खाली जाड अक्षरांत: 'माझ्या पोराला यांनी मारायला शिकवलं – एका जवानाचा बाप'. काका हे एकदा चहा पिताना हळहळून बोलले होते. छापू का, म्हणून मी विचारलं नव्हतं. वाक्य जबरदस्त होतं, तेवढं मला पुरलं.

पाहुणे अंगणात बसलेले असतानाच कोणीतरी ते पत्रक नितेशच्या हातात ठेवलं. मी फाटकाशी उभी होते.

"बाबा, पोरगा खुनी हाय म्हनून साऱ्या मंडईत वाटता?"

काकांनी चष्मा लावून पत्रक वाचलं. माझ्याकडे एकदा पाहिलं. म्हणाले, "बोलनं माहंच हाय."

बस, एवढंच. चौकात माइकशिवाय घोषणा देणारी मी, तिथे तोंड उघडू शकले नाही. पाहुणे चहा न घेताच उठले. नितेश संध्याकाळच्या बसने परत गेला.

पुढच्या आठवड्यात मी काकांना विचारलं, माझं नाव का नाही सांगितलं?

"सांगून काय होते? त्यानं तुहा राग केला असता. आन् बोललो त मीच होतो ना?" मग घडी घातलेलं पत्रक त्यांनी माझ्यापुढे सरकवलं. "पोरी, तू लढाईच्या विरोधात हायस. मंग हे वाचून कोनाले तरी झोडपावंसं काहून वाटते?"

मी पत्रक पिशवीत टाकलं आणि उठले.

उन्हाळ्यात काकांच्या छातीत कळ आली. तुमसरचा दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं होतं. नितेश पोचला तेव्हा चिता विझली होती. तेरावं झाल्यावर मी त्याला अंगणात गाठलं आणि खरं ते सांगितलं: छापलं मी, विचारलं नाही मी, गप्प राहिले तीही मीच. तो भडकेल, हात उगारेल, अशी माझी तयारी होती. तो खाटेवर बसला.

"मंडईनंतर बाबांचे फोन येत होते," तो म्हणाला. "रोज. मी कापत होतो."

त्याने मान वर केली.

"ताई, हे त्या दिवशी सांगाचं होतं. त्या दिवशी बाबा होते."